शालिकराम फिटरच्या मोटारीचे चौदा फेरे

शालिकराम फिटरला थोडक्यात भागवणं कधी जमलंच नाही. अमरावतीच्या एका जिनिंग कारखान्यात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या जिनात, तो बारा वर्षं इंजिनं दुरुस्त करत होता. एके दिवशी तो हेडमिस्त्री भगवंतरावांना म्हणाला, खेड्यांतल्या जिनांची इंजिनं बिघडली की बैलगाडीत घालून इथवर आणतात, त्यापेक्षा कारखानाच मोटारीत बसवून तिकडे नेला तर? भगवंतराव पोट धरून हसले.

"अबे, दारोदार कल्हईवाले फिरतेत, फिटर नाही. जाय तू. सहा महिन्यांत वापस येशीन अन् माह्या हाताखाली तेलाचा डबा धरशीन."

झालं! शालिकराम हट्टाला पेटला. पहिल्या लढाईतून मोडीत निघालेली लॉरी त्यानं मिळवली. अकोल्याहून लोखंड कातायचा जुना लेथ आणला. तो बसेना, म्हणून ड्रायव्हरशेजारची बैठक उपटली. मग ऐरण, भाता, धार लावायचं चाक आणि चक्क पाण्याचा रांजण. जॅकही होता, पण तो ऐरणीखाली अडकला आणि ऐरण उचलायला जॅक लागत होता. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या परवाना कारकुनाला ही मोटार की कारखाना हेच ठरवता येईना. त्यानं 'इतर' असं लिहून सुटका करून घेतली.

शालिकरामची बायको सत्यभामा बाळापूरकडच्या माळ्याची लेक, मोटेवर बैल हाकून वाढलेली. ती काही सुचवायला गेली, की तो म्हणे, "तुले मोटरीतलं का समजते?" मला त्या माणसाचा राग येतो तो इथं.

लॉरीचं इंजिन चाकं फिरवी आणि पट्ट्यावर लेथही फिरवी. कोणाला फिरवायचं ते एका दांड्यावर ठरे. खंडेनवमीला सत्यभामेनं हत्यारांची पूजा केली, दांड्याला लाल नाडा गुंडाळला, अंबादेवीला मनातल्या मनात नवस बोलली आणि करकचून गाठ मारली. दांडा राहिला नेमका मधोमध, म्हणजे चाकं आणि लेथ दोन्ही एकदमच जोडलेले. आता गाडी चालली तरच लेथ चालणार, आणि गाडी थांबली की लेथही थांबणार. पण नवसाची गाठ सोडायची कोणाची छाती!

दुसऱ्या दिवशी दसरा. सत्यभामेला मागे रांजणाशेजारी बसवून शालिकरामनं सीमोल्लंघन केलं ते थेट चांदूर बाजारकडे. तिथल्या शेषरावांच्या जिनाचा मुहूर्त दुसऱ्या सकाळचा होता आणि इंजिनाच्या पंपाची बोटभर पिन तुटली होती. मुहूर्त साधला तर आसपासची पाच जिनं शालिकरामला काम देणार होती. हुकला, तर भगवंतरावांचा तेलाचा डबा होताच.

वाटेत लेथ घरघरत होता, धारेचं चाक गरगरत होतं. भात्यामुळं मागचं दार लागत नव्हतं, त्यामुळे हे सगळं रस्त्याला दिसत होतं. वलगावात एक बाई विळा घेऊन मागे धावली.

"थांबा नं भाऊ, धार लावू द्या!"

"थांबलो तं चाक बी थांबते, बाई!"

मग काय, अर्धं गाव मागे धावलं. कोणाचा विळा, कोणाचा अडकित्ता, न्हाव्याचा वस्तरा. लॉरी बैलाच्या चालीनं जात होती, म्हणून सगळ्यांचं भागलं.

सकाळी जिनाच्या फाटकात शालिकरामनं गाठीला हात घातला. सत्यभामेनं तो धरला.

"हात नका लावू. नवस हाये. इंजिन सुरू झाल्यावर सुटन."

"मंग लेथ कसा चालन?" शेषराव ओरडले.

"गाडी चालन तेवा," शालिकराम रडकुंडीला येऊन म्हणाला. "अन् म्या लेथ धरला तं गाडी कोन चालवन?"

सत्यभामा आधीच ड्रायव्हरच्या जागी बसली होती. "बैल हाकले म्या. हे तं मुकाट चाक हाये."

बैलगाड्यांनी चेपून टणक झालेल्या अंगणात, कापसाच्या ढिगाभोवती लॉरी फिरू लागली. आतून शालिकराम ओरडे, "जाड रायली! अजून एक फेरा!" लोक मोठ्यानं फेरे मोजू लागले. कोणीतरी ढिगाला हळदकुंकू वाहिलं. चौदाव्या फेऱ्याला पिन झाली, मुहूर्तावर इंजिन धडधडलं, आणि शालिकराम सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडला.

मग गाठ सुटली. लेथ उभ्या गाडीतही झकास चाले, पण ते कोणाला नको होतं. अचलपूरवाले म्हणाले, "आमाले चौदा फेऱ्यांचीच पिन पायजे." पुढं सोळा वर्षं सत्यभामेनं गाडी फिरवली आणि शालिकरामनं आत लेथ धरला. एका हंगामात भगवंतरावांचं इंजिन बंद पडलं. ते स्वतः दाराशी आले, शालिकरामला ओलांडून सत्यभामेपुढं हात जोडले. "बाई, आमच्या इथं बी फेरे घ्या. मालक उभ्या गाडीचं काम घेत नाहीत." शालिकरामनं या दिवसासाठी एक झणझणीत उत्तर पाठ करून ठेवलं होतं. ते त्याला आठवलंच नाही.

परतताना तो म्हणाला, "त्या दिवशी तुह्या नवसानं इज्जत वाचवली."

"नवस एवढाच होता, का गाडी चांदूरले पोचू दे," सत्यभामा रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली. "गाठ फाटकातच सुटत होती."

"मंग सोडली कावून नाही?"

"'तुले का समजते, तुले का समजते' आयकून आयकून कान किटले होते. मनलं, एकदा पाहू तं खरं, का असते त्या मोटरीत."