परक्या बंदरातला समुद्रकोळी

जळगावहून धुळ्याला जाताना एसटीत माझ्या शेजारी एक अक्का बसल्या होत्या. मांडीवरच्या पिशवीत मुलाकडच्या नातवंडांसाठी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आहेत, हे त्यांनी बसल्या बसल्याच सांगितलं. पिशवीची गाठ त्या सारखी चाचपत होत्या. मी मोबाइलवर समुद्रकोळ्याचे, म्हणजे समुद्रातल्या लांब पायांच्या कोळ्यासारख्या जिवाचे, फोटो बघत होतो. तो माझ्या अभ्यासाचा विषय आहे. त्यांनी मान वाकवून विचारलं, "हाई काय शे?"

मी सांगितलं. याचं अंग इतकं बारीक की पोटसुद्धा पायांत शिरलेलं असतं. जहाजाच्या बुडाला चिकटून तो परक्या बंदरात पोचला आणि तिथं पसरला. मादी अंडी देऊन मोकळी होते. नर ती पायांना चिकटवून पिल्लं निघेपर्यंत सोबत वागवतो.

"मंग तो परत येस का?"

"नाही."

"कसा येई? पोरे संगे लई गया ना," त्या म्हणाल्या. "आते तो तठलाच."

मी फोटो बंद केला.

धुळ्याला उतरल्यावर त्यांनी पिशवी छातीशी धरली आणि मला विचारलं, "भाऊ, सुरतनी गाडी कोठे लागस?"