यंत्राबाबत अभिप्राय

अमृतराव तळणीकर यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयात चोवीस वर्षे नोकरी केली. एवढ्या काळात एखादे पुस्तक त्यांना स्वतःसाठी कधी हवेसे वाटले होते काय? मी त्यांच्या सहकाऱ्यांकडे चौकशी केली, घरच्यांकडे केली, तरीही या प्रश्नाचे उत्तर मला देता आलेले नाही. पुस्तक जागेवर आहे की नाही, याची काळजी ते करीत. ते कुणी वाचते की नाही, ही त्यांच्या मते वाचणाऱ्याची खाजगी बाब होती.

अमृतराव मूळचे हदगावकडचे. कारकून म्हणून लागले आणि वरचा माणूस निवृत्त होईल तसतसे सरकत उपग्रंथपाल झाले. यात कर्तबगारी होती ती टिकून राहण्याची, आणि तिचा त्यांना रास्त अभिमान होता. २०१५च्या अखेरीस ग्रंथपालाची खुर्ची रिकामी झाली. पुढच्या जुलैत येणाऱ्या मूल्यांकन समितीने ग्रंथालयाबद्दल बरे लिहिले तर प्रभार तुमच्याकडे देऊ, असे त्यांना वरून सांगण्यात आले. अमृतरावांच्या आयुष्यात इच्छा म्हणावी अशी ही एकच गोष्ट असावी.

समितीला पाहायचे होते नवे शोधयंत्र, आणि त्याविषयी विद्यार्थ्यांचे म्हणणे. शोधयंत्र म्हणजे संगणकावर पुस्तकाचे नाव टाकून पुस्तक हुडकण्याची सोय. ती उभारणाऱ्या कंपनीच्या मुलांनी हजारो मराठी पुस्तकांची नावे इंग्रजी लिपीत, कानाला वाटेल तशी चढवली होती. विहिरीचे स्पेलिंग एकाने एका ‘आय’ने केले, दुसऱ्याने दोन ‘ई’ लावून. देवनागरीत शब्द टाकला तर यंत्र शून्य नोंदी दाखवी. मराठवाड्यातल्या विद्यापीठात मराठीतून काही सापडत नाही, ही बाब अमृतरावांना तपशिलाची वाटली.

अभिप्रायपत्रिका त्यांनी स्वतः तयार केली. वर बारीक अक्षरात ‘शोधयंत्र’ असा उल्लेख होता. खाली मात्र, शाईची काटकसर म्हणून की काय, नुसते ‘यंत्र’. यंत्राचा वापर आपण रोज करता काय? यंत्र समाधानकारक चालते काय? यंत्राबाबत सूचना. संगणकांपाशी कुणी फिरकत नव्हते, म्हणून त्यांनी पत्रिकांचा गठ्ठा व्हरांड्यात, जिथे गर्दी होती तिथे ठेवला.

गर्दी कशाची होती, हे त्या उन्हाळ्यात नांदेडात कुणाला सांगावे लागले नसते. लातूरला रेल्वेने पाणी येत होते. वसतिगृहाचा टँकर एक दिवसाआड येई. ग्रंथालयाच्या व्हरांड्यात मार्चमध्येच जलशुद्धीकरण यंत्र बसले होते, आणि मुले त्याला ‘यंत्र’ म्हणत. मुलांनी मनापासून लिहिले: रोज वापरतो. अत्यंत समाधानी. यंत्रामुळेच ग्रंथालयात येतो. सूचनांत कुणी लिहिले, पेला साखळीला बांधू नये. कुणी लिहिले, दुपारनंतर धार बारीक होते.

अमृतरावांनी हे वाचले. त्यांना ते कळलेही, असे ग्रंथालयातला शिपाई मन्मथ सांगतो. साहेब, हे पाण्याचं हाय, असे त्याने म्हणून पाहिले. अमृतराव म्हणाले, समितीने यंत्राबद्दल विचारले आहे, मुलांनी यंत्राबद्दल सांगितले आहे. मग त्यांनी सूचनांचा रकाना कात्रीने कापून टाकला.

खरी अडचण आली ती उदगीर-जळकोटकडच्या मोजक्या मुलांची. ही मुले शोधयंत्र खरोखर वापरत होती, आणि काही सापडत नाही असे त्यांनी सरळ लिहिले होते. पण त्याच उन्हाळ्यात उदगीर वेगळा जिल्हा होणार अशी हवा होती, आणि या मुलांनी ‘जिल्हा’ या शब्दापुढे एकजात ‘उदगीर’ लिहिले. अमृतरावांना देव पावला. जो जिल्हा नाही, त्यातला विद्यार्थीही नाही, असा निवाडा देऊन त्यांनी लाल पेनाने त्या साऱ्या पत्रिका बाद केल्या.

त्यांतली एक शिवकन्या या मुलीची होती. ती जळकोटची, भूगोल शिकणारी. आपल्या तालुक्यातल्या विहिरींवर प्रबंधिका लिहीत होती. पत्रिका बाद झाल्याचे कळल्यावर ती अमृतरावांच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

“काय गं पोरी, उदगीर जिल्हा कधी झाला? पेपरात तर न्हाई आलं.”

“होणार हाय ना सर. आमच्याकडं समदे तसंच लिहायलेत.”

“मग झाल्यावर भर.”

“जिल्हा खोडते सर, लातूर करते. पण माझं म्हणणं तेवढं राहू द्या. ‘विहीर’ टाकलं तर तुमच्या यंत्रात काहीच येत न्हाई.”

अमृतराव आजूबाजूच्यांकडे पाहून हसले. “तुमच्या गावच्या विहिरीत पाणी न्हाई, अन् तू माझ्या यंत्रात विहीर धुंडायलीस?”

टेबलाभोवतीचे लोकही हसले, कारण त्या टेबलाभोवती हसण्याची तशी वहिवाट होती. खोडलेली पत्रिका घेता येत नाही, असे तिला सांगण्यात आले. मार्गदर्शकांनी सुचवलेले विहिरींवरचे पुस्तक त्याच इमारतीत होते. शिवकन्याने प्रबंधिका त्याच्याविना दिली.

जुलैत समिती आली. अध्यक्ष घामाघूम होते. त्यांनी व्हरांड्यात दोन पेले पाणी प्यायले, आत येऊन शंभर टक्के समाधानाचा आलेख पाहिला आणि संगणकाला हात न लावता ‘विद्यार्थिकेंद्री’ असा शेरा लिहिला. अमृतरावांनी तो चौकटीत बसवून भिंतीवर लावला. पंधरवड्यात प्रभाराचा आदेश निघाला. सत्कारात बोलताना, अभिप्राय घेतल्याशिवाय सुधारणा होत नाही, असे ते म्हणाले, आणि टाळ्या पडल्या.

३१ मे २०१९ रोजी अमृतराव तळणीकर प्रभारी ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाले.