‘अलाव’ कोणी दाबलं?

आमच्या बिल्डिंगमध्ये मला ‘हॅकर’ म्हणतात. प्रेमाने म्हणतात, असं त्यांचं म्हणणं आहे. मला त्या शब्दाचा संताप येतो. तो मला कसा चिकटला ते एकदा नीट लिहून काढायचं होतं, कारण बोलून ते मला कधीच जमलं नाही. मी इंग्रजी शाळेत शिकले. माझा राग इंग्रजीत येतो आणि भांडण मराठीत करावं लागतं. शब्द शोधेपर्यंत समोरचा माणूस चहा संपवून उठलेला असतो.

आम्ही नवी मुंबईतल्या एका गावठाणात भाड्याने राहतो. बाबा मूळचे साताऱ्याकडचे, कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाट्यावर काम करतात. मालक खालच्या मजल्यावर असतात. ते इथलेच, खाडीकाठचे. शेती गेली आणि तिच्या जागी बिल्डिंग आली. बाबा त्यांना शेठ म्हणतात आणि त्यांच्या बायकोला मी काकी. लहानपणी आई कामावर असायची तेव्हा शाळेतून आल्यावर मी काकीकडेच जेवायचे. तिच्या हातचं सुक्या बोंबलाचं कालवण खाऊन मी मोठी झाले, असं म्हटलं तरी चालेल. पण ॲग्रीमेंट अकरा महिन्यांचंच. दर वर्षी ते संपत आलं की आई आठवडाभर हळू आवाजात बोलते.

शेठचा पुतण्या नाक्यावर मोबाइलचं आणि कॅमेऱ्यांचं दुकान चालवतो. वायर असलेल्या प्रत्येक वस्तूबाबत बिल्डिंगमध्ये त्याचा शब्द शेवटचा. जिन्यात त्याने कॅमेरे बसवले तेव्हा तिथेच उभं राहून, खणखणीत आवाजात, काकीला त्यांचा पासवर्ड सांगितला. खोक्यातून येतो तोच. पायरीवर बसलेल्या तीन पोरांनीही तो पाठ केला असणार.

मी वर जाता जाता थांबले. म्हटलं, “दादा, हा बदलायला हवा.”

“कशाला? लक्षात राहायला सोपा आहे.”

“म्हणूनच.”

“मॅडम, आपल्या जिन्यात काय सोन्याच्या विटा ठेवल्यात?” तो म्हणाला. सगळे हसले, आणि पासवर्ड तसाच राहिला.

हे ‘आपल्याकडे काय आहे चोरण्यासारखं’ मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते ऐकलं की दात आवळले जातात. तुमच्याकडे तुम्ही आहात. तुमचं नाव आहे, तुमच्या नावावर विश्वास ठेवणारी माणसं आहेत. चोरायला आणखी काय लागतं?

मी महापेला एका छोट्या कंपनीत सॉफ्टवेअर तपासते. माझ्या लॅपटॉपवर फुकट मिळणारी, ओपन सोर्स सिस्टीम आहे. सुट्टीच्या दिवशी मी अशाच एका फुकट ॲपसाठी काम करते. पासवर्ड जपून ठेवणारं ॲप आहे. त्याचं मराठी रूप आम्ही काही जण मिळून करतो. तिथे माझा चेहरा कोणाला दिसत नाही, म्हणून मी तिथे बिनधास्त वाद घालते. एकदा घरात लाइट नव्हती म्हणून गच्चीवर वाऱ्याला बसून काम करत होते. काकी मासळी वाळत घालत होती आणि पुतण्या टाकीपाशी केबल ओढत होता. माझ्या काळ्या स्क्रीनवर हिरवी अक्षरं पळताना त्याने पाहिली.

“हे काय, बँक लुटते काय?”

मी ओपन सोर्स म्हणजे काय ते सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, याचा कोड कोणीही वाचू शकतं.

“कोणीही? मग चोर पण वाचणार ना!”

“फुकटचं हाय?” काकीने विचारलं.

“हो.”

“मंग कसला भरोसा गं, बाय? फुकट तर कोन पानी पन देत नाय.”

तेव्हा मला जे सुचलं नाही ते असं. आमच्या गावठाणात घरं इतकी लागून आहेत की एकीने फोडणी दिली की दुसरीला ठसका लागतो. ओट्यावर मासळी साफ करत बायका बसलेल्या असतात. अनोळखी माणूस गल्लीत शिरला की दहा पावलांत त्याला तीन जणी विचारतात, “कोनाकडं?” इथे चोऱ्या होत नाहीत. पलीकडच्या सेक्टरमधल्या टॉवरात दारं बंद, शेजारी कोण ते माहीत नाही, आणि चोर कुरिअरवाल्याच्या कपड्यात लिफ्टने वर जातो. ओपन सोर्स म्हणजे आमची गल्ली आहे. सगळ्यांना सगळं दिसतं, म्हणूनच कोणीतरी ओरडतं. काकी स्वतः त्या ओट्यावर बसणारी. तिला हे क्षणात कळलं असतं. पण मी “तसं नसतं” एवढंच म्हणाले आणि लॅपटॉप मिटला.

मग ती हळदीची पत्रिका आली.

काकीच्या लोकांत हळद लग्नापेक्षा मोठी. आमंत्रण नाही आलं तर माणसं वर्षानुवर्षं धरून ठेवतात, आणि आलेलं आमंत्रण पाहिलं नाही तर देणाऱ्याचा अपमान. पूर्वी घरोघरी जाऊन सांगायचे, आता मोबाइलवर येतं. तर उरणच्या एका नातेवाइकाच्या नंबरवरून काकीला फाइल आली, ‘हळदी समारंभाचं आमंत्रण’. ती पत्रिका नव्हतीच. पत्रिकेचं नाव दिलेला, फोनमध्ये शिरून बसणारा प्रोग्राम होता. अशा वेळी फोन विचारतो, हे बाहेरचं आहे, धोक्याचं असू शकतं, आत येऊ द्यायचं का? काकीच्या फोनवर कोणीतरी ‘अलाव’, म्हणजे ‘येऊ दे’, दाबलं. थोड्याच वेळात तीच पत्रिका काकीच्या नावाने अख्ख्या बिल्डिंगला आली. आईलाही.

आई फोन माझ्यापुढे धरून म्हणाली, “काकींनी पाठवलंय, कुणाची हळद आहे बघ.” मी फाइलच्या नावाचं शेपूट पाहिलं, ते चित्राचं नव्हतं, ॲपचं होतं, आणि चपला न घालताच खाली पळाले.

ओट्यावर काकी, शेठ, पुतण्या आणि शेजारच्या दोघीतिघी होत्या. मी कधी अशी मध्ये घुसून बोलत नाही. आवाज चिरका निघाला. “काकी, तुमच्या नावाने फिरतेय ती पत्रिका कोणी उघडू नका. खोटी आहे ती. फोन बंद करा.”

काकीचा चेहरा उतरला. “आमच्या जावेच्या घरची पत्रिका खोटी?”

“घरची नाही. त्यांच्या नावाने दुसऱ्याच कोणी…”

“मॅडमला सगळं खोटंच वाटतं,” पुतण्या म्हणाला. “अशी नोटीस सगळ्याच फायलींना येते. फोनची सवय आहे ती.”

काकीने फोन बंद केला नाही. संध्याकाळपर्यंत तिच्या नावाने उरणच्या सगळ्या गोतावळ्यात नको ते फोटो गेले. तिच्या थोरल्या जावेने शेठच्या फोनवर तिला असं काही सुनावलं की काकी मोरीत जाऊन रडली. आयुष्यभर डोक्यावरचा पदर ढळू न दिलेली बाई ती.

दुसऱ्या दिवशी शेठनी आम्हाला खाली बोलावलं. बाबा कामावरून तसेच आले होते, बुटांना लोखंडाचा भुगा. हॉलमध्ये पुतण्या सोफ्यावर, हातात मोबाइल. त्यावर त्याने जिन्यातल्या कॅमेऱ्याचं चित्र लावलं होतं: मी लॅपटॉप घेऊन गच्चीवर जाते आहे.

“मला एकच सांगा,” तो म्हणाला. “पत्रिका खोटी आहे हे कोणाला कळलं नाही. हिलाच आधी कसं कळलं?”

म्हणजे आग लागली असं ओरडणाऱ्यानेच ती लावली!

“त्या काळ्या स्क्रीनवर काय चालतं? कंपनीचं सॉफ्टवेअर का नाय वापरत सगळ्यांसारखं? ते ओपनवालं हॅकर लोकच वापरतात.”

शेठ माझ्याकडे न बघता म्हणाले, “पोरी, लॅपटॉप आनून दाखव. काय लपवायचं नसल तं दाखवायला काय जातंय?”

“दाखव बाळा,” बाबा हळूच म्हणाले. “मिटवून टाक.”

मी विचारलं, “काकीच्या फोनवर ‘अलाव’ कोणी दाबलं?”

काकी फरशीकडे बघत होती. पुतण्या म्हणाला, “विषय बदलू नको.”

माझ्या लॅपटॉपमध्ये काहीही नव्हतं. ऑफिसचं काम, मैत्रिणींशी केलेल्या गप्पा, इंग्रजीत लिहिलेल्या आणि कोणाला न दाखवलेल्या काही गोष्टी. दाखवला असता तर पाच मिनिटांत संपलं असतं. पण मग त्यांना काय दिसलं असतं? काळा स्क्रीन. तो पाहून त्यांची खात्रीच पटली असती. आणि मी का दाखवावा? सावध राहिले म्हणून?

“दादा,” मी म्हटलं, “आधी तुमचा फोन अनलॉक करून टीपॉयवर ठेवा. माझी आई सगळं वाचेल. मग मी लॅपटॉप आणते.”

शेठना हसू आलं. “ठेव रं!”

“धंद्याचा फोन हाय, काका.”

“माझाही कामाचाच आहे.”

हसू तिथेच संपलं. शेठ उठले. “बघू,” बाबांना म्हणाले, “ॲग्रीमेंटचं पन बघू आता.”

घरी आल्यावर बाबा शर्ट न बदलताच पलंगावर बसले. “आगं, एवढं काय सोनं हाय त्यात? ह्या वयात आता नवीन खोल्या हुडकत फिरू का मी?”

उत्तर दिलं आईने, भांडी घासत, पाठमोरी. “तिनं का दाखवावं? न्हाणीघराला कडी घालतो ती काय आत चोरी करायला?”

पुढचे काही दिवस आईने, घर सोडावं लागलंच तर म्हणून, डबे, बरण्या वेगवेगळ्या करून ठेवल्या. त्या बरण्यांकडे बघून मला स्वतःचा नाही, त्या हॉलमधल्या सगळ्यांचा राग यायचा.

एका दुपारी काकी वर आली. पदराखाली फोन होता आणि हातात झाकलेली वाटी. आईने वाटी घेतली. काकी माझ्याजवळ जमिनीवरच बसली.

“अजून पन जातंय गं त्यातून काय काय. पुतन्यानं दोनदा बघितला. नाय जमत त्याला. तू बघ.”

मी नेट बंद केलं, तो प्रोग्राम शोधून काढून टाकला, मेसेज वाचायची त्याला दिलेली परवानगी काढली, फोन पुसून पुन्हा कोरा केला. नवा पासवर्ड टाकायची वेळ आली तशी काकी मोठ्याने सांगायला लागली. मी तोंड फिरवलं.

“मला सांगू नका. तुम्ही टाका.”

“अगं, तू घरची हायस. तुझ्यापासून काय लपवायचं?”

“घरच्यांनाही सांगायचा नसतो, काकी.”

तिने एकेक अक्षर शोधत तो टाकला. मग फोन उराशी धरून म्हणाली, “त्यानंच दाबलं गं. मी बोलली, लाल लाल काय येतंय बघ. तो बोलला, काय नाय होत, अलाव कर. माझ्या हातातून घेतला नी दाबलं.”

मला हा अंदाज होताच. “मग हे खाली सगळ्यांसमोर सांगाल?”

काकीने फोन पुन्हा पदराखाली घेतला. “शेठना सांगते ॲग्रीमेंटचं. तुमी कुठं नाय जायाचं. पन ते नको मना सांगायला लावू. पुतन्या हाय तो. त्याचं दुकान हाय, लोक काय बोलतील?”

माझं काय बोलतील ते तिने विचारलं नाही. दारात थांबून म्हणाली, “नी मी आलेली ते पन नको बोलू हां कोनाला.”

काकीवर मी रागावले आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. पुतण्याला निदान कळत नव्हतं. तिला कळलं होतं, आणि कळलेलं तिने पदराखाली झाकून परत नेलं.

तिने शब्द मात्र पाळला. ॲग्रीमेंटचा एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन शेठच्या हॉलमध्ये आला. पुतण्या म्हणाला, “सगळ्यांच्या आधारचे फोटो मला ग्रुपवर टाका, मी पुढे पाठवतो.” माझ्या हातात आमची मूळ कार्डं होती. मी ती एजंटसमोर ठेवली आणि म्हटलं, “यावरून बघून टाइप करा.”

“घाबरली हॅकर,” पुतण्या म्हणाला. हॉलभर हशा झाला. बाबा कसनुसं हसले. काकीने तोंडाला पदर लावला. तीही हसत होती.

बाबांचा अंगठा लागला. घर राहिलं. शेठ खुशीत होते, माझ्याकडे वळून म्हणाले, “काय गं, राग आला काय? मस्करी करतात पोरं.”

“हो,” मी म्हटलं. “आला.”

एजंटने मशीन पुसलं आणि आईचा अंगठा मागितला.