आप्पांचं बियाणं आणि सातवीचं गणित

"सगळ्यांचं नव्वदच्या वर? एकाचंही खाली नाही?" मी विचारलं.

सातवीच्या वर्गात ओल्या गोणपाटाच्या गुंडाळ्या उलगडून ठेवल्या होत्या. सोयाबीनला टपोरे कोंब आले होते. बिराजदार मॅडम खुशीत होत्या. मला मात्र काहीतरी खटकत होतं.

मी केंद्रप्रमुख. म्हणजे आसपासच्या शाळांत हिंडायचं, शिक्षकांना मदत करायची आणि त्यांचं डोकंही खायचं. मुरुम गावाजवळच्या या शाळेत मॅडमनी शेकडेवारीसाठी गणित काढलं होतं: शंभर दाण्यांपैकी सत्तर उगवले, तर उगवण किती टक्के? मी म्हणालो, "मॅडम, उत्तर प्रश्नातच दिलंय. पोरांनी करायचं काय?"

त्या जरा रागावल्या. पण मग आम्ही दोघांनी बसून ते काम बदललं. प्रत्येकानं घरचं राखलेलं बियाणं आणायचं, शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवायचे, कोंब मोजायचे आणि एकरी किती किलो पेरावं ते घरी सांगायचं. उगवण सत्तर टक्के असेल तर एकरी तीस किलो. कमी भरली तर बियाणं वाढवायचं. साठच्या खाली गेली तर ते पेरायचंच नाही.

आणि आता हे सगळे नव्वदच्या वर. मी गौरीला विचारलं, "दाणे कसे घेतलेस गं?"

"आईनं सुपात निवडून दिले. शाळेत न्यायचे म्हणून."

सगळ्यांच्या घरी तेच झालं होतं. आमच्याकडे शाळेत काही पाठवायचं तर चांगलंच पाठवतात, फुटका दाणा कोण पाठवेल? मी कपाळाला हात लावला. हे आमच्या दोघांच्याही लक्षात यायला हवं होतं.

गौरीचे वडील, आप्पा, शाळा समितीचे अध्यक्ष. पोरीच्या दाण्यांची उगवण चौऱ्याण्णव टक्के ऐकून त्यांनी सगळ्या रानात घरचंच बियाणं पेरायचं ठरवलं होतं. "हे पुन्हा करायला हवं," मी म्हणालो.

"राहू द्या हो," मुख्याध्यापक म्हणाले. "तक्ता छान झालाय. सुट्टी तोंडावर आलीये."

मी बोलणार, तेवढ्यात मॅडमच म्हणाल्या, "सर, आप्पांनी ह्या आकड्यावर पेरलं आन् उगवलंच न्हाय तर? रान तर जाईलच, पण माझ्या कुठल्या गणितावर गाव विश्वास ठेवील?"

त्यांनी स्वतःच भिंतीवरचा टक्क्यांचा तक्ता उतरवला. मला लई बरं वाटलं.

पोरांना त्यांनी चूक सांगितली नाही. एवढंच विचारलं, "पोत्यातलं समदं बियाणं ह्या दाण्यांसारखंच हाय, हे कशावरून?" तासभर वर्गात नुसता कल्ला. शेवटी पोरांनीच ठरवलं, की पोत्यात वर, मधे आणि तळाला हात घालायचा, डोळे मिटून मूठ भरायची आणि निवडायचं नाही.

दुसऱ्या खेपेला आकडे खाली आले. आप्पांचे पंचावन्न.

आप्पा तडक शाळेत आले. "सायेब, आधी चौऱ्याण्णव, आता पंचावन्न. तुमचं गणित रोज बदलतंय व्हय? लेकरांच्या खेळावर म्या बियाणं बदलू?"

मी तोंड उघडायच्या आत गौरी उभी राहिली. "आप्पा, गणित तेच हाय. पयलं दाणं आईनं निवडलेलं हुतं. पेरताना आई एकेक दाणा निवडणार हाय का?"

आप्पांनी तिची गुंडाळी उलगडून पाहिली. मग म्हणाले, "म्या सोता करून बघतो."

त्यांनी घरी करून पाहिलं. त्यांचं उत्तर पंचावन्नच्याही खाली आलं. त्यांनी ते पोतं तेलाच्या घाण्यावर दिलं आणि दुसरं बियाणं आणलं. पावसाळ्यात त्यांचं रान एकसारखं उगवलं. समितीच्या बैठकीत कुणीतरी कुरकुरलं, की मॅडम पुस्तक सोडून भलतंच करून घेतात. आप्पा म्हणाले, "आधी माझं रान बघून या, मग बोला."

प्रश्न अवघड करायला मोठे आकडे लागत नाहीत. आपलं उत्तर चुकलं तर घरचं रान मोकळं राहील, एवढं कळलं की पोरं न सांगता पुन्हा मोजतात. श्रेय मॅडमचं आणि पोरांचं. फुशारकी मात्र मी प्रत्येक शाळेत जाऊन मारतो.