अमावस्येला बंद असलेली खाण

माझ्या मालकीची एक खाण आहे. ती जळगावात, आमच्या पुढच्या खोलीत, जेवायच्या टेबलावर भरते, दर रविवारी दुपारी.

पहूरची जमीन मी मुलाच्या हाती दिली, गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि आम्ही दोघं म्हातारी त्याच्या घरी राहायला आलो. त्यानंतर केळी किती लावायची, कपाशी किती, ठिबकच्या नळ्या कुठून टाकायच्या, हे मला कोणी विचारेना. मुलगा चांगला आहे. विचारत नाही, एवढंच. घरात माझा शब्द शेवटचा चालला तो मोरीत. मोरीची फरशी मी समोर उभं राहून बसवून घेतली. बायको म्हणत होती, उतार उलटा होतोय. मी म्हटलं, पाण्याला कळतं कुठं जायचं ते. तेव्हापासून मोरीचं पाणी स्वयंपाकघरात येतं. ते आमचं आमच्यात.

तर नात आणि तिचे कॉलेजातले दोन सोबती रविवारी सोंगांचा खेळ खेळतात. त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. नात गोष्ट सांगते. बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं आणि तो काय करतो ते बोलून दाखवायचं. जमलं की नाही हे वीस बाजूंचा एक फासा ठरवतो, आकडा मोठा आला तर जमलं. नशिराबादचा एक उंच मुलगा आहे, तो जादूगार. एक चष्मेवाली मुलगी आहे, चांगल्या घरची, पण खेळात चोर. त्यांचा चौथा गडी नोकरी लागून पुण्याला गेला आणि मी त्याच खोलीत गुडघ्याला शेक देत बसलेलो होतो.

"आबा, तुम्ही कोण होणार?" नात म्हणाली. "बुटका, लांबकान्या की माणूस?"

"माणूस. पहूरचा."

"आबा, यात सोंग घ्यायचं असतं."

"या वयात मी सोंग घेत नसतो. मी तो मीच."

तिने कागदावर तसं लिहिलं.

गोष्टीतल्या राजाने आम्हाला एक डोंगर बक्षीस दिला. त्याच्या पोटात नभलोह नावाची धातू, जगात दुसरीकडे कुठे नाही अशी. तिची तलवार केली तर भूतसुद्धा कापलं जातं म्हणे. बाकी दोघांना राक्षस मारायला जायचं होतं. मी म्हटलं, जा तुम्ही, खाण मी बघतो. साठ फुटांची विहीर मी खणलेली आहे, खाली काळा पाषाण लागला तरी सोडली नाही. खाण म्हणजे आडवी विहीर.

कामाला बुटके होते आणि त्यांचा एक म्हातारा मुकादम. मुकादमाचं बोलताना नात आवाज जाड करते. पहिल्याच दिवशी मी सगळ्यांना उभं करून नियम सांगितला. अमावस्येला खाण बंद. आमच्याकडे अमावस्येला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. माझ्या बापाने ठेवलं नाही, मी ठेवलं नाही.

"मालक," मुकादम म्हणाला, "अमावस्येलाच तर..."

"सुट्टी म्हणजे सुट्टी. वाद नको."

नातीने माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि वहीत काहीतरी खरडलं.

खाण सुरू झाली आणि पहिल्याच टिकावाला कळलं की नभलोह सरकीपासून सुटलेल्या कापसापेक्षा हलकं आहे. खडकातून मोकळं झालं की सरळ वर जातं. बोगद्यातून सुटलं, खाणीच्या तोंडातून बाहेर पडलं आणि आभाळात गेलं. महिनाभर बुटक्यांनी खणलं आणि महिनाभर आम्ही वर बघत राहिलो.

मी खाणीच्या तोंडावर जाळं ताणायला लावलं. फाशावर चार आले. जाळ्यात धातू भरली, जाळं उचललं गेलं आणि जाळं धरून उभे असलेले दोन बुटके त्याच्यासोबत गेले.

"आबा, दोन मजूर गेले," जादूगार म्हणाला.

"त्यांच्या घरी कळवा," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

दुसऱ्या महिन्यात तोंडावर दगडी झाकण घातलं. आता धातू बाहेर जाईना, पण बोगद्याच्या छताला जाऊन चिकटली. ओढून खाली आणायला जावं तर ओढणाराच वर. छत सगळं भरलं आणि राजाच्या हातात एक तुकडा पडला नाही. तेव्हा राजाचा हुकूम आला. तिसऱ्या अमावस्येपर्यंत धातू पोचली नाही तर खाण जादूगाराला.

"आबा, मुकादमाला विचारा ना, अमावस्येला काय असतं," चोर म्हणाली.

"मुकादमाला विचारून मालक खाण चालवत नसतो."

पण जादूगार एका कागदावर मनोरा काढायला लागला होता, खाणीच्या जागेवर बांधायचा. मग मी सहज विचारल्यासारखं विचारलं, काय मुकादम, त्या दिवशी काय म्हणत होतास?

"मालक, नभलोह अमावस्येला जड होतं. महिन्यातून तेवढा एकच दिवस. मी पहिल्या दिवशीच सांगत होतो."

चोराने तोंडावर ओढणी धरली. दोन अमावस्या मी सुट्टीत घालवल्या होत्या.

तो आठवडा वाईट गेला. अमावस्येला टिकाव लावायचा तर बापाचा नियम मोडतो. नाही लावायचा तर खाण जाते. शेत गेलं ते मी दिलं म्हणून. खाण मी कोणाला दिलेली नव्हती. भाकरी खाताना माझं लक्ष नाही हे बायकोच्या ध्यानात आलं. ती धुळ्याकडची, चिडली की अहिराणीतच बोलते.

"खान खोटी, अमावस खोटी," ती म्हणाली, "तुम्हनं तोंड मातर खरंखुरं सुजेल शे."

"नियम खरा आहे," मी म्हटलं.

पण खोटं कशाला सांगू, वाट तिच्यामुळेच दिसली. बोलत बोलत ती कापूस भरलेली जुनी गोधडी उसवत होती आणि मला आई आठवली. अमावस्येला आमचं औत दाराशी पडून असायचं, पण आई पदराची ओटी बांधून कपाशीत जायची. जू बंद, वेचणी चालू. बापाने तिला कधी अडवलं नव्हतं.

रविवारी मी सगळे बसायच्या आधी टेबलाशी हजर होतो.

"अमावस्येला टिकाव बंदच," मी सांगितलं. "पण त्या दिवशी सगळे बुटके बायकापोरांसकट खाणीत जेवायला येतील. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी."

"आणि धातू?" जादूगार म्हणाला.

"छताला चिकटलेली आहे ना? ती जड होईल. जड झाली की पडेल. पडलेली वेचायची."

"जेवणाऱ्यांच्या डोक्यात पडेल, आबा," चोर म्हणाली.

"पंगत बाजूच्या बोगद्यात."

जादूगाराने मनोऱ्याचा कागद उलटा ठेवला. नातीने आवाज जाड केला.

"मालक, बेत चांगला आहे. पण बुटके अमावस्येला खाणीत पाय ठेवणार नाहीत. बंदी तुमचीच. मुकादम बरोबर होता असं मालकाने एकदा म्हटलं, तर येतील."

"फासा टाकतो."

"याला फासा नाही, आबा."

मी चहाच्या कपावरची साय बाजूला केली. परत केली. चोर चष्मा पुसत बसली. जादूगाराने कागद हळूच सुलटा केला आणि मनोऱ्याला एक खिडकी काढली.

"मुकादमाचं बरोबर होतं," मी फाशाकडे बघून म्हटलं.

"मुकादमाला कमी ऐकू येतं, मालक."

"मुकादमाचं बरोबर होतं," मी मोठ्याने म्हटलं. "माझं चुकलं."

स्वयंपाकघरात भांडी घासायचा आवाज येत होता, तो थांबला.

मग फासा टाकला. सतरा. पंगत बसली, वरण वाढून झालं आणि पलीकडे मोठ्या बोगद्यात नभलोह असं कोसळलं की बट्ट्या परातीतल्या परातीत उडाल्या. बायकांनी ओट्या बांधल्या आणि बोगदा वेचून काढला. खाण माझीच राहिली. जादूगाराने कागद फाडला आणि माझ्या पाया पडला. तेवढं वळण आहे त्याला.

मान वर केली तर बायको दारात उभी. हातात पाणी लोटायचा खराटा, साडी घोट्यापर्यंत ओली.

"मंग मोरीना उतारनं बी म्हनी टाका," ती म्हणाली.

पोरं माझ्याकडे बघायला लागली. नातीने फासा मुठीत लपवला.

"एका दिवसात एकच," मी म्हटलं आणि दुसरा चहा मागितला.