हिरवाच काढा

साताऱ्यातल्या माझ्या घरात भिंतीवर मी टिपलेली सगळी जंगलं कृष्णधवल आहेत. रंगाची लुडबुड मला खपत नाही. एकच फोटो रंगीत आहे, तो दुष्काळी माण तालुक्यातल्या एका आजीमुळे.

तिनं आणि गावच्या बायांनी डोक्यावरून पाण्याचे हंडे वाहून बोडक्या डोंगरावर झाडी वाढवली होती. माझ्या कॅमेऱ्यात त्या झाडीचा फोटो बघताना तिनं आधी पदरानं काच पुसली. धूळ बसलीय असं तिला वाटलं.

“धूळ नाही आजी, काळा-पांढराच काढलाय,” मी म्हणालो.

तिनं कमरेवर हात ठेवले. “आवं, बिनरंगाचा डोंगर जन्मभर बघितला आमी. आता हिरवा केलाय, तर हिरवाच काढा की!”

मी कॅमेरा रंगीतवर टाकून पुन्हा फोटो काढला. तो बघताच ती खाली उतारावरच्या बायांना हाक मारत ओरडली, “या गं समद्या! आपला डोंगर फोटोत बी हिरवा आलाय!”