सेंटमधला मेल

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. माझा आकडा चुकत नाही, अशी माझी ख्याती — तुम्ही मला भेटला असतात, तर तुमचाही विश्वास बसला असता.

चाकणला आमचं सुट्या भागांचं छोटं वर्कशॉप; हिशेब, कॉम्प्युटर, माणसांच्या फाइली, सगळं ऑफिस माझ्याकडे. मेल बाहेरच्या कंपनीकडे कशाला, सर्व्हर आपल्याच ऑफिसात ठेवू, हा हट्ट माझा. चार महिने वाचून मीच तो बसवला. चाचणीसाठी एक खातं उघडलं, पासवर्ड एक ते सहा. ते बंद करायचं राहिलं. राहिलं — की मी कंटाळा केला?

त्या खात्यातून कुणी परक्याने हजारो जाहिराती पाठवल्या आणि बाहेरचे सर्व्हर आमचा मेल घेईनासे झाले. सोमवारी पाहिलं, तर रांगेत तेवीस मेल अडकलेले. पाठवणाऱ्याला मात्र ते गेलेलेच दिसतात. सतरावा माधुरीचा — शुक्रवार, चार वाजून बारा मिनिटं.

माधुरी आमच्या क्वालिटी विभागातली, लातूरकडची. मोठ्या ग्राहकाच्या तक्रारीला चोवीस तासांत उत्तर जायला हवं होतं. ते पोचलं नाही, ऑर्डर थांबली. मालक तिच्यावर ओरडले, "मग मेल काय पंख लावून उडाला?"

"टाकलाय की सर. सेंटमध्ये आहे, हे बघा ना."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो — कॉम्प्युटरचं घड्याळ मागे केलं, की सेंटमध्ये हवी ती वेळ दिसते.

यात खोटं काय? घड्याळ मागे करता येतंच. म्हणून तर ते चाललं.

"साहेब, तुम्ही तरी..." एवढंच ती म्हणाली.

जेवणाच्या सुट्टीत मी बावीस मेल दुसऱ्या मार्गाने पाठवून दिले. सतरावा तेवढा पुसला. संध्याकाळी तिचा राजीनामा घेतला, आणि तिच्या फाइलला "वेळेत फेरफार" ही नोंद मीच टाइप केली.

पुढच्या महिन्यात मेल बाहेरच्या कंपनीकडे दिला. "बरं केलंत, डोक्याचा ताप गेला," मालक म्हणाले.

वर्षभराने तळेगावच्या एका कंपनीतून फोन आला. माधुरी मुलाखतीला आली होती. कशी आहे, तिथल्या एक बाई विचारत होत्या. या वेळी समोर मालक नव्हते, कुणीच नव्हतं. मग मला भीती कसली होती?

मी फाइल काढली. नोंद वाचून दाखवली.

"बरं झालं आधीच सांगितलंत, सर," त्या बाई म्हणाल्या. "थँक्यू हं."

मी वेलकम म्हणालो.